रिव्हॉल्वरच्या मापाची शिशाची गोळी: सायझिंग डाय लॅप करून मोठी कशी करावी

घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या रिव्हॉल्वरमधून नीट जात नाहीत, नळीत शिसं चिकटतं, नेम पसरतो, अशी तक्रार आली की बहुतेक जण पहिला दोष मिश्रधातूला देतात. शिसं मऊ पडलं असेल म्हणून कथील वाढवतात, अँटिमनी वाढवतात, वंगण बदलतात. मीही दोन वर्षं हेच केलं. खरा दोष निघाला मापात. गोळी सिलिंडरच्या थ्रोटपेक्षा, म्हणजे काडतुसाच्या खान्यापुढच्या अरुंद भागापेक्षा, जेमतेम दीड थाऊ बारीक होती, आणि तेवढ्या फटीतून दारूचा तप्त वायू गोळीच्या कडा खरवडत पुढे निसटत होता. ओतलेली गोळी ज्या पोलादी भोकातून ढकलून ठरावीक मापाची करतात ती सायझिंग डाय. तिचं भोक लॅप करून, म्हणजे बारीक घासून, हवं तेवढं मोठं करणं हा त्यावरचा उपाय.

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 0.0254 मिमी. या लेखात सगळीकडे थाऊच वापरतो, कारण या कामातली हत्यारं आणि डाय त्याच मापात येतात.

हे काम ज्याच्याकडे शस्त्राचा परवाना आहे आणि काडतुसं स्वतः भरायला कायद्याने मुभा आहे त्यानेच करायचं. रिव्हॉल्वर हातात घेतलं की सिलिंडर उघडून सहाही खाने डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचे, आणि मोजमाप चालू असेपर्यंत त्या टेबलावर एकही जिवंत काडतूस ठेवायचं नाही. शिशाबद्दलही आत्ताच सांगतो. काम चालू असताना खाणं, पिणं, विडी-सिगारेट बंद. काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे, आणि लॅपिंगचा काळा चिखल पुसलेली चिंधी घरातल्या कपड्यांत मिसळायची नाही.

आधी थ्रोट मोजा, मग नळी

रायफलमध्ये चेंबर (काडतुसाचा खाना) आणि नळी एकाच तुकड्यात असतात. रिव्हॉल्वरमध्ये गोळी पुंगळीतून, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यातून, सुटते, सिलिंडरच्या थ्रोटमधून जाते, मधली फट ओलांडून फोर्सिंग कोनमध्ये, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेल्या निमुळत्या उतारात, शिरते आणि मग नळीतल्या खाचा पकडते. गोळीचं माप पहिल्यांदा ठरवतो तो थ्रोट. गोळी थ्रोटमध्ये सैल असेल तर पुढची नळी कितीही चांगली असली तरी गोळी कोनात वाकडी शिरते. उलट थ्रोट नळीच्या खाचांपेक्षा अरुंद असेल तर तुम्ही गोळी कितीही जाड करा, थ्रोट तिला दाबून बारीक करणार आणि नळीत ती पुन्हा सैल पडणार. म्हणून पाहिजे असलेली उतरंड अशी: थ्रोट खाचांच्या मापाएवढा किंवा त्याहून एखादा थाऊ मोठा, आणि गोळी बरोबर थ्रोटच्या मापाची.

पुस्तकी आकडे सुरुवातीला उपयोगी पडतात. 0.357 मॅग्नम आणि 0.38 स्पेशलच्या नळीत खाचांचा व्यास 0.357 इंचाच्या आसपास असतो आणि ओतीव गोळी सहसा 0.358 ची वापरतात. 0.44 मॅग्नमला खाचा 0.429 आणि गोळी 0.430 ते 0.432. 0.45 कोल्टची गोष्ट निराळी: दुसऱ्या महायुद्धाआधीच्या नळ्या 0.454 च्या, नंतरच्या 0.451 ते 0.452 च्या, त्यामुळे एकाच नावाच्या दोन रिव्हॉल्वरांना एक गोळी चालेलच असं नाही. तुमच्या हातातल्या रिव्हॉल्वरचं माप यातल्या कुठल्याही आकड्यावरून कळत नाही. ते मोजावंच लागतं.

मोजायला दशांश थाऊ, म्हणजे 0.0001 इंच दाखवणारा मायक्रोमीटर हवा. डिजिटल व्हर्नियरवर हे काम करू नका. त्याच्या जबड्याची एक-दीड थाऊची चूक हीच आपल्या कामाची सगळी जागा आहे. मायक्रोमीटर आधी शून्यावर तपासा, जमलं तर माहीत असलेल्या मापाच्या पिनवरही. प्रत्येक वेळी खटक्यानेच आवळा. शिसं मऊ असतं, हाताने आवळलात तर गोळीच दबते आणि आकडा खोटा येतो.

थ्रोटसाठी शुद्ध मऊ शिशाचा गोळा किंवा तुकडा घ्या, थ्रोटपेक्षा किंचित मोठा. सिलिंडर रिव्हॉल्वरमधून काढून लाकडावर उभा ठेवा. थ्रोटला तेलाचं बोट फिरवा, तुकडा पुढच्या बाजूने ठेवून प्लॅस्टिकच्या हातोडीने आत बसवा आणि पितळेच्या दांड्याने मागे ढकला. मागचं चेंबर रुंद असल्याने थ्रोट ओलांडला की तुकडा आपोआप खाली पडतो. सहाही थ्रोटचे सहा तुकडे काढा, प्रत्येकावर मार्करने नंबर टाका आणि प्रत्येक तुकडा दोन दिशांनी मोजा. सहा आकडे एकसारखे आले तर नशीब. अर्ध्या थाऊचा फरक चालून जातो. दोन थाऊचा फरक असेल तर डायचं काम तिथेच थांबवा आणि सिलिंडर जाणकार गनस्मिथकडे न्या. थ्रोट रीम करून (आतून कापून) एकसारखे करता येतात, पण ते त्याचं काम आहे. थ्रोट खाचांपेक्षा अरुंद निघाले तरी हाच उपाय.

नळीचंही तसंच. सिलिंडर बाहेर, नळीत तेल, मऊ तुकडा तोंडाकडून आत आणि पितळेच्या दांड्याने हळूहळू मागे. लाकडी काठी वापरू नका. ती आत तिरकी चिरते आणि पाचरीसारखी अडकते. दांडा ढकलताना हाताला काय जाणवतं तिकडे लक्ष द्या. तुकडा एका दाबाने सरकत येतो आणि नळी फ्रेममध्ये जिथे आट्यांनी बसवलेली असते तिथे अचानक जड होतो, असं बऱ्याचदा घडतं. नळी घट्ट आवळल्यामुळे ती जागा थोडी चेपलेली असते. तशी चेप असेल तर गोळी तिथे बारीक होऊन पुढे सैल जाते, आणि डाय मोठी केल्याने ते बरं होणार नाही.

नळीत खाचा सम संख्येत असतील तर समोरासमोर मोजता येतं. स्मिथ अँड वेसनसारख्या पाच खाचांच्या नळीत खाचेच्या समोर खाच येत नाही, उंचवटा येतो. त्यासाठी व्ही आकाराच्या ऐरणीचा मायक्रोमीटर मिळतो. तो नसेल तर माहीत असलेल्या जाडीची पातळ शिम पट्टी तुकड्याभोवती एकच वेढा देऊन घट्ट गुंडाळा, वरून मोजा आणि आकड्यातून पट्टीची जाडी दोनदा वजा करा.

डायला हात लावण्याआधी

सायझिंग डाय गोळी बारीक करते, जाड करत नाही. थ्रोट 0.3590 असेल आणि साच्यातून गोळीच 0.3585 ची पडत असेल तर डाय कितीही मोठी केली तरी काही होणार नाही. म्हणून साच्यातून नुकत्या पडलेल्या, पूर्ण थंड झालेल्या दहा गोळ्या मोजा. त्या तुमच्या लक्ष्यापेक्षा निदान एक थाऊ जाड हव्यात. बारीक पडत असतील तर साच्याच्या दोन फाळक्यांच्या मध्ये, पोकळीपासून दूर, ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावून गोळी थोडी जाड पाडता येते. ती किंचित अंडाकृती पडते, पण डाय तिला गोल करते.

दुसरं, डायवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. 358 लिहिलेल्या डायमधून तुमच्या मिश्रधातूच्या दहा गोळ्या काढा आणि मोजा. कधी 0.3577 येतात, कधी 0.3584. आपल्याला वाढवायचा आहे तो फरक या मोजलेल्या आकड्यापासून धरायचा.

आणि इथेच माझी पहिली डाय वाया गेली. लक्ष्य होतं 0.3585. चाचणीला हाताशी होत्या त्या जवळजवळ शुद्ध शिशाच्या गोळ्या वापरल्या आणि माप अचूक आणलं. मग खऱ्या कामाच्या, पाण्यात विझवलेल्या कडक गोळ्या त्यातून काढल्या तर आल्या 0.3589. कडक मिश्रधातू डायमधून बाहेर पडल्यावर थोडा परत फुगतो, मऊ शिसं जवळपास फुगत नाही. सहापैकी दोन थ्रोटमध्ये त्या गोळ्या अंगठ्याने जाईनात. मोठी झालेली डाय लहान करायचा उपाय नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: चाचणीची गोळी त्याच मिश्रधातूची, त्याच पद्धतीने थंड केलेली आणि तितकेच दिवस ठेवलेली. अँटिमनी असलेली गोळी ओतल्यानंतर काही दिवस कडक होत राहते, त्यामुळे मी चाचणीसाठी दोन आठवडे जुन्या गोळ्या वेगळ्या काढून ठेवतो.

डाय कोणती आणि किती

डाय दोन प्रकारच्या. एक प्रेसमध्ये, म्हणजे काडतूस भरायच्या हातयंत्रात, आट्यांनी बसणारी, जिच्यातून गोळी नाकाच्या दिशेने खालून वर ढकलली जाते. ली कंपनीच्या डाय या जातीच्या. दुसरी गोळीला वंगण लावणाऱ्या वंगण-यंत्रात बसणारी, लायमन किंवा आरसीबीएसच्या यंत्रांतली, जिच्या भिंतीत वंगण यायला बारीक भोकं असतात आणि आतून एक दांडा गोळीला परत वर ढकलतो. पहिली मोठी करणं सोपं. दुसरीत दोन अडचणी: भोकांच्या कडांवर कागद अडकतो, आणि डाय मोठी झाली की आतला दांडा सैल पडून गोळीच्या बुडाखाली वंगण जमतं. एखाद्या थाऊपर्यंत हे सहन होतं. त्याहून जास्त वाढवायचं असेल तर त्या मापाची डायच मागवावी.

प्रेसमधल्या डायलाही मी मर्यादा घालतो: दोन थाऊ. व्यास एक थाऊ वाढवायचा म्हणजे भिंतीवरून सगळीकडे फक्त अर्धा थाऊ, 0.0127 मिमी, निघाला पाहिजे. ऐकायला हे काहीच नाही, पण हाताने काढताना तेवढ्यातच भोक तिरकं, अंडाकृती किंवा दोन्ही तोंडांना रुंद होऊ शकतं. जितकं जास्त काढाल तितकी ही शक्यता वाढते.

लॅपिंग

0.357 च्या डायसाठी साधारण 8 मिमी जाडीची सरळ लाकडी काठी घ्या. टोकाला हॅकसॉने चाळीसेक मिमी लांब उभी चीर पाडा. पाण्यात चालणाऱ्या 400 नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी चिरेत अडकवून काठीभोवती गुंडाळा. गुंडाळी अशा दिशेने हवी की ड्रिल फिरताना कागदाचं सुटं टोक मागे ओढलं जाईल. उलट गुंडाळलं तर ते टोक भिंतीत घुसून कागद उलगडतो. गुंडाळी डायमध्ये हलक्या हाताने जाईल इतकीच जाड ठेवा. कोंबावी लागली तर एक वेढा कमी करा.

डाय व्हाइसमध्ये लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये धरा, जेमतेम हलणार नाही इतकीच आवळून. जास्त आवळलीत तर डाय चेपते, तुम्ही चेपलेल्या स्थितीत ती गोल करता आणि सोडल्यावर अंडाकृती निघते. काठी ड्रिलमध्ये, वेग कमीत कमी. हातमोजे घालू नका, फिरत्या काठीत ते गुंडाळले जातात. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच.

कागदावर हलकं तेल सोडा, ड्रिल चालू करा आणि काठी सतत आत-बाहेर हलवत राहा. एका जागी थांबलात की तिथे कडं पडतं. हाताची लय अशी ठेवा की भिंतीवर ओरखडे एकमेकांना तिरके छेदत जातील. टॉर्च लावून पाहिलंत तर बारीक विणलेल्या जाळीसारखं दिसतं. फक्त गोल गोल रेघा दिसत असतील तर हात हळू चालतोय. काठी बाहेर येताना गुंडाळीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग तोंडाबाहेर येऊ देऊ नका. जास्त बाहेर आली की ती तोंडापाशी डुलते आणि तोंड कर्ण्यासारखं रुंद होतं. ही चूक सगळ्यात जास्त होते आणि मापात लगेच दिसत नाही, कारण गोळीचं माप मधल्या अरुंद भागाने ठरतं. दिसते ती पुढे: गोळ्या तिरक्या शिरतात आणि एका बाजूने जास्त खरवडल्या जातात. म्हणून वीस-तीस सेकंद एका तोंडाकडून, मग डाय उलटी करून तितकेच सेकंद दुसऱ्या तोंडाकडून. गोळी आत शिरते त्या बाजूला आधीच एक उतार दिलेला असतो, त्याला मुद्दाम हात लावायचा नाही.

दोन्ही बाजूंचा एक फेरा झाला की थांबा. डाय रॉकेलने धुवा, कोरडी करा आणि थंड होऊ द्या. ही वाट पाहणं टाळू नका. वीस अंशांनी तापलेलं पोलादी भोक या आकाराला दशांश थाऊभर मोठं मोजतं, आणि तेवढीच तापलेली शिशाची गोळी दोन दशांश. डाय हाताला गार लागली की हलकं वंगण लावून तीन गोळ्या काढा, बुडाजवळ आणि पुढच्या पट्ट्यावर, दोन-दोन दिशांनी मोजा आणि आकडा वहीत लिहा. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर कळतं की तुमच्या हाताने एका फेऱ्यात किती निघतं. डायच्या कडकपणाप्रमाणे हे फार बदलतं, त्यामुळे दुसऱ्याचा अंदाज इथे वापरू नका.

लक्ष्यापासून तीन दशांश थाऊ उरले की 400 चा कागद बाजूला ठेवा. खडबडीत कागदाने माप पूर्ण केलंत तर पॉलिश करताना ते ओलांडलं जाईल. इथून पुढे मी शिशाचा लॅप वापरतो. याच डायमधून काढलेली एक गोळी मधोमध भोक पाडून स्क्रूने दांड्यावर बसवायची, तिच्यावर 600 नंबरची व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट तेलात पातळ करून लावायची आणि हाताने, ड्रिलशिवाय, फिरवत आत-बाहेर करायची. पेस्टचे कण मऊ शिशात रुततात आणि कडक पोलाद कापतात. कागदापेक्षा लॅपची बैठक घट्ट असल्याने भोक सरळ राहतं, आणि कागदाने राहिलेले उंचवटे हाताला अडखळ म्हणून जाणवतात. आधी लॅप एका जागी जड फिरतो, मग हळूहळू सगळ्या लांबीत दाब सारखा होतो. तो सारखा झाला की भोक सरळ झालं. लॅप सैल झाला की नवा घ्या, सैल लॅपने काम पुढे रेटू नका.

शेवटी 1000 किंवा 1200 च्या कागदाने दोन-चार हात, फक्त चकाकीसाठी.

पेस्ट लागलेल्या गोळ्या कधीही काडतुसात वापरायच्या नाहीत. त्यांत रुतलेले कण नळीतही तेच काम करतील जे त्यांनी डायमध्ये केलं. डायसुद्धा आधी रॉकेलने, मग गरम साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने घासा. पांढरी चिंधी आतून फिरवली की राखाडी डाग पडायचा पूर्ण थांबला पाहिजे. वंगण-यंत्राची डाय असेल तर प्रत्येक भोकातून काडी फिरवा, पेस्ट तिथेच दडून बसते.

तपासणी

आता खऱ्या दहा गोळ्या काढा आणि मोजा. पण अंतिम उत्तर मायक्रोमीटर देत नाही, सिलिंडर देतो. स्वच्छ कोरडा सिलिंडर हातात धरून गोळी पुढच्या बाजूने थ्रोटमध्ये ठेवा. ती स्वतःच्या वजनाने आत पडली तर अजून बारीक आहे. अंगठ्याच्या हलक्या, ठाम दाबाने गेली तर माप जमलं. हातोडी आठवायला लागली तर जाड आहे. सहाही थ्रोटमध्ये करून पाहा. सगळ्यात अरुंद थ्रोटमध्ये ती दाबाने का होईना गेली पाहिजे. लक्ष्याचा आकडा त्याच थ्रोटवरून धरलेला असावा.

इतकी मेहनत करून जाड केलेली गोळी काडतूस भरताना पुन्हा बारीक होऊ शकते, आणि हे खूप जणांच्या लक्षातच येत नाही. पुंगळीचं तोंड पुरेसं उघडलं नसेल तर पितळ मऊ गोळीला दाबतं. क्रिम्प करणाऱ्या, म्हणजे पुंगळीचं तोंड गोळीवर आवळणाऱ्या, काही डायमध्ये कार्बाइडचं कडं असतं, ते भरलेलं काडतूस पुन्हा दाबतं आणि आतली गोळीही बारीक करतं. म्हणून दारू आणि प्रायमरशिवाय एक नकली काडतूस तयार करा, क्रिम्पसकट, मग गोळी ओढून काढा आणि बुडाजवळ मोजा. बसवण्याआधी 0.3585 होती आणि निघाल्यावर 0.3570 असेल, तर दोष एक्सपांडरचा (पुंगळीचं तोंड उघडणाऱ्या दांड्याचा) किंवा त्या कड्याचा आहे. गोळीच्या मापाला साजेसा जाड एक्सपांडर वापरा, कडं काढून टाका किंवा साध्या क्रिम्प डायवर या.

तसंच नकली काडतूस सहाही चेंबरमध्ये स्वतःच्या वजनाने सुटं पडलं पाहिजे आणि उलटं केल्यावर सुटं निघालं पाहिजे. जाड गोळीमुळे पुंगळीचं तोंड चेंबरला घट्ट बसत असेल तर ते वापरू नका. गोळी सोडायला तोंडाला जागाच उरली नाही तर दाब धोकादायक वाढतो. गोळीचं माप बदललं म्हणजे भरण्याचं प्रमाणही नवं धरायचं: प्रकाशित तक्त्यातल्या सगळ्यात कमी आकड्यापासून पुन्हा सुरुवात.

पहिल्या पन्नास फैरींनंतर नळी साफ करण्याआधी टॉर्चने आत पाहा. शिसं फोर्सिंग कोनमध्ये आणि नळीच्या पहिल्या इंचात चिकटलं असेल तर गोळी अजून सैल आहे, किंवा थ्रोट आणि नळीची उतरंड चुकली आहे. तोंडाजवळच्या शेवटच्या भागात असेल तर मापाला दोष देऊ नका, तिथपर्यंत वंगण पुरत नाहीये. सगळीकडे बारीक राखाडी पडदा असेल आणि कोरड्या चिंधीच्या दोन फेऱ्यांत निघत असेल, तर काम जमलं आहे.

डाय परत डबीत ठेवताना तिच्यावरचा छापील आकडा खोडा. मी विद्युत पेनने नवीन माप कोरतो, त्याखाली मिश्रधातू, आणि त्या डायमधून काढलेली एक गोळी त्याच डबीत ठेवतो. वर्षभराने 358 लिहिलेली डाय हातात आली की ती प्रत्यक्षात 0.3585 ची आहे हे कुणालाच आठवत नाही.